ग्रो बॅग वाटताय, पण आत भरायचं काय?

महिला दिन जवळ आला की आपल्याकडे ग्रो बॅगांचा हंगाम सुरू होतो. हिरवी पिशवी, आत भेंडीच्या नाहीतर पालकाच्या बियांची पुडी, वर कुणाचा तरी फोटो, स्टेजवर रांग, टाळ्या. मग वटपौर्णिमेला तेच, कुणाच्या वाढदिवसाला तेच. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी अशा चाळीसेक पिशव्या आल्या. आज त्यातल्या बऱ्याचशा पिशव्यांत कांदे-लसूण ठेवलेत, काहींत चपला. एका काकूंनी तर मला सरळ सांगितलं, "पिशवी छान आहे हो, पण माती आणू कुठून? वरच्या मजल्यावर राहतो आम्ही."

काकूंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, आणि वाटणाऱ्यांपैकी कुणीच तो विचारलेला नाही. माझा ग्रो बॅगेला विरोध नाही, उलट आहे तो आग्रहच. बरीच वर्षं गच्चीवर याच पिशव्यांत मेथी, पालक, वांगी, मिरची घेतोय, म्हणूनच बोलतोय. या सगळ्या उद्योगात पिशवी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू. भाजी पिशवी पिकवत नाही, आतलं खत पिकवतं. आणि नेमकं तेच कुणी देत नाही, कारण खताच्या ढिगाबरोबर फोटो बरा येत नाही.

आता नगरकर काय करतो? (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कागदावर तेच लिहायचं, तोंडात मात्र अजून नगरच येतं, राग मानू नका.) तो जवळच्या रानातनं काळी माती आणतो आणि पिशवी गच्च भरतो. आपली काळी माती रानात सोनं आहे, पिशवीत ती वैरी. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि पिशवीच्या कडेनं बोटभर फट पाडते. वरनं ओतलेलं पाणी त्या फटीतनं सरळ खाली गच्चीवर. मुळापाशी ढेकूळ कोरडंच. झाड सुकतं, माणूस अजून पाणी ओततो, मग ते ढेकूळ चिखल होतं आणि मुळं कुजतात. दोन महिन्यांत माणूस म्हणतो, "आपल्या हाताला गुण नाही." हाताला गुण आहे, भावा. भरण चुकीचं आहे.

दुसरा जरा शिकलेला माणूस ऑनलाइन कोकोपीटची वीट मागवतो. नारळाचा भुसा, केरळ, तमिळनाडूकडून येतो. पाणी धरून ठेवायला उत्तम, पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं. आणि मला मुळात हसू येतं ते याचं, की हा भुसा हजार किलोमीटरवरनं येतो कुठे, तर आपल्या जिल्ह्यात! जिथं प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव असा ऊसच ऊस झाला. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यातलं किती काडी लावून जाळलं जातं हे मार्च-एप्रिलमध्ये नगर-मनमाड रस्त्यानं संध्याकाळी जाणाऱ्याला सांगायला नको. शिवाय हा जिल्हा दुधाचा. गोठे आहेत, शेण आहे. उन्हाळ्यात चौकाचौकांत रसवंत्या, त्यांच्यामागे चिपाडाचे ढीग. एवढं सगळं असताना आपण नारळाचा भुसा विकत घेतो.

चिपाडाची गोष्ट काही नवी नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरशेतीचा जो प्रयोग केला, तो याच आधारावर होता: पिशवीत खाली उसाचं चिपाड, त्यावर कंपोस्ट, थोडी माती, आणि त्यात भाजी, फळझाडं सुद्धा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच शास्त्र आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं होतं, की पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश एवढ्या भांडवलावर माती घडवता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनचाच ओला कचरा जिरवून बाग उभी केली, तिची मुळंही याच विचारात. म्हणजे ज्ञान मराठीत आहे, कच्चा माल नगर जिल्ह्यात आहे, आणि आपण मात्र पिशवी वाटून मोकळे.

तर भरायचं काय, ते आधी सांगतो, मग भांडतो.

१२ बाय १२ इंची गोल बॅग घेतली तर तिच्यात २१-२२ लिटर माल मावतो. इथे एक मेख आहे. नर्सरीतल्या साध्या काळ्या पिशवीचं माप सपाट अवस्थेतलं असतं. ती १२ इंच रुंद पिशवी भरून गोल झाली की व्यास होतो साडेसात इंच आणि मावतं जेमतेम ९ लिटर. त्यात वांगं लावाल तर वांगं रडणारच. पालेभाजीला १२ इंची चालते, वांगी-टोमॅटो-मिरचीला १५ इंची, दोडका-भोपळ्याला १८ च्या खाली जाऊ नका. भरण माझं असं: ढोबळमानानं दोन घमेली पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं पाचटाचा किंवा चिपाडाचा चुरा. माती मुरमाड, तांबूस मिळाली तर बरं. काळीच असेल तर ती कमी करा आणि चुरा वाढवा. तळाला भोकं मोकळी हवीत. तीन-चार महिन्यांत भरण चार बोटं खाली बसतं. घाबरू नका, कंपोस्ट कुजत राहतं म्हणून ते बसतं. प्रत्येक पिकानंतर वरनं दोन ओंजळी खत घालायचं, बस्स.

'पूर्ण कुजलेलं' हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. ताजं शेण, अर्धकच्चा कचरा बॅगेत भरला की तो आत तापतो, रोपाच्या वाट्याचा नत्र स्वतःच खातो आणि हुमणी बोलावतो. तयार खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर अजून महिनाभर थांबा.

पाचटाचं खत करायची रीत कृषी खात्यानं, विद्यापीठानं इतक्या वेळा सांगितली आहे की उसाच्या शेतकऱ्याला ती पाठ असते: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. घरगुती ढिगासाठी याचा दहावा हिस्सा करा. १०० किलो पाचट, ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सुपर फॉस्फेट, १०० ग्रॅम संवर्धक, आणि वर शेणकाला. युरिया कशाला, असं सेंद्रियवाले विचारतील. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र नगण्य, त्यामुळे जिवाणूंना सुरुवातीला खायला काहीतरी द्यावं लागतं. ज्यांना युरिया नको त्यांनी शेण आणि गोमूत्र भरपूर वापरावं, जरा जास्त वेळ द्यावा. ओल टिकवली, मधून खालीवर केलं तर साडेतीन-चार महिन्यांत काम होतं.

झालं. आता भांडण.

ही सगळी हौस फक्त गच्चीवाल्यांची आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते गच्चीवाल्याला तिची गरज सगळ्यात कमी आहे. तो पिवळट मेथीची जुडी वीस रुपयांना घेऊ शकतो. खरी गरज आहे घरकुलात. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फूट. ज्याला गावठाणात तेवढीच जागा, त्याला परसू कुठलं? पूर्वी भिंतीवर वाल चढायचा, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ उभी असायची. आता मोरीचं पाणी गटारात आणि दारात सिमेंटचा रस्ता. उमेदच्या गटांमधून पोषण परसबागा होतात, शाळांमधून होतात, चांगलं आहे. पण त्यासाठी जमिनीचा तुकडा लागतो, आणि ज्या बाईच्या पोरांना हिरवी भाजी सगळ्यात जास्त हवी, तिच्याकडेच नेमका तो नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. माझ्या दहा पिशव्यांनी रक्तक्षय जाईल असलं मी बोलणार नाही. लोहाच्या गोळ्या, डाळ, अंडी हे सगळं लागतं. पण आठवड्यातनं तीन दिवस ताटात राजगिरा, चाकवत, शेपू, अंबाडी पडणं आणि आठवडे बाजाराची वाट बघत फक्त बटाटा खाणं यात फरक आहे की नाही?

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या घरकुलाला अगदी फिट बसतं. केनियात नैरोबीची किबेरा ही झोपडपट्टी. २००७-०८ च्या निवडणुकीनंतर तिथं हिंसाचार झाला, भाजीपाला महागला. तेव्हा सॉलिडारिते नावाच्या फ्रेंच संस्थेनं घराघरांत गोणीतली बाग सुरू केली. साधी उभी गोणी. मधोमध दगडांचा खांब, म्हणजे वरनं ओतलेलं पाणी तळापर्यंत जातं. भोवती माती आणि खत. आणि रोपं वरच्या तोंडावर लावायचीच, शिवाय गोणीच्या बाजूला भोकं पाडून त्यातूनही. दोन फूट जागेत कित्येक रोपं. आपल्याकडे खताच्या, पेंडीच्या, साखरेच्या गोण्यांची काय कमी आहे? फक्त एक: साधी गोणी उन्हात वर्ष-दीड वर्षात फाटून तिचे धागे मातीत मिसळायला लागतात, तेव्हा ती भुगा होण्याआधी बदला. चांगली जाड, ऊन सोसणारी बॅग चार-पाच वर्षं चालते. प्लॅस्टिकबंदीच्या राज्यात आपण हजारोंनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटतोय, याचा विचार वाटणाऱ्यांनीही जरा करावा.

आता खत द्यायचं कुणी? माझं म्हणणं, नगरपालिकांनी आणि महापालिकेनं. उपकार म्हणून नाही. घनकचऱ्याचे नियम २०१६ पासून स्पष्ट सांगतात की कचरा घरातच वेगळा करायचा आणि ओल्यावर प्रक्रिया करायची. शासनानं तर शहरी कंपोस्टला 'हरित महासिटी कंपोस्ट' असं नावही देऊन ठेवलं आहे. केंद्रानं २०१६ मध्ये शहरी कंपोस्टसाठी टनाला १५०० रुपये मदतीचं धोरण आणलं होतं. म्हणजे माझी भाजीची देठं मी घंटागाडीत टाकतो, ती गोळा करायला मी कर भरतो, त्याचं खत व्हावं म्हणून नियम आहे. मग वर्षातनं एकदा त्यातली एक गोणी माझ्या दारात परत का येऊ नये? घरपट्टीच्या पावतीवर ३० किलो कंपोस्ट. घरकुलवाल्याला आणि भाडेकरूला पावतीशिवाय, आधार कार्डावर. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मला अजिबात अवास्तव वाटत नाही.

यावर कुणी शहाणा म्हणेल की कचऱ्याच्या खतात काचा निघतात. निघतात ना! मी स्वतः चाळणी मारून बघितलंय. शॅम्पूच्या पुड्या, पेनाचं टोपण, बल्बची काच. आणि डोळ्यांना न दिसणारं त्याहून वाईट. सेल, बॅटरी, रंगाचे डबे ओल्यात गेले की शिसं, कॅडमियम खतात उतरतं. म्हणून तर खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा घातल्यात: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम ५ च्या वर नको, ओलावा १५ ते २५ टक्के. पालेभाजी असले धातू सहज उचलते. तेव्हा तपासणीचा कागद लावल्याशिवाय एक गोणीही वाटू नका, हेही माझंच म्हणणं. पण त्याचा अर्थ 'नको ते खत' असा होत नाही. त्याचा अर्थ कचरा दारातच वेगळा घ्या, असा होतो. वेंगुर्ल्यानं ते करून दाखवलं. एवढीशी नगर परिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथं कचऱ्याचं बारीक वर्गीकरण झालं, ओल्यापासून गॅस आणि खत झालं आणि डेपोच्या जागी लोक सहलीला जायला लागले. कोकणातल्या माणसाला जे जमतं ते आपल्याला का जमू नये? आणि मला विचाराल तर कचरा वेगळा करायला लावायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच: तुझ्याच देठांचं खत तुझ्याच वांग्याला येणार आहे, हे एकदा माणसाला कळलं की तो त्यात सेल टाकत नाही.

घरच्या घरी करता येत नाही का? येतं की. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो. वर्षाचे १८० किलो, कुजून राहतात ४५-५०. त्यात सहा-सात बॅगांची सोय होते. पण दोन खोल्यांत राहणाऱ्या, दिवसभर एमआयडीसीत उभं राहून घरी येणाऱ्या बाईला तू आता ड्रमपण हलव, असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

पाण्यावर येतो, कारण नगर जिल्ह्यात पाण्याशिवाय कुठलीच गोष्ट संपत नाही. पाथर्डी-कर्जत-जामखेडच्या माणसाला ग्रो बॅग म्हणजे थट्टा वाटू शकते. १२ इंची बॅगेला थंडीत अर्धा लिटर पुरतं, मे महिन्यात एक ते दीड लिटर. २० बॅगा म्हणजे मे महिन्यात दोन हंडे रोज. हे खूपही नाही आणि फुकटही नाही. हिवरे बाजार दरवर्षी पडलेल्या पावसावरनं पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतं. तोच नियम गच्चीला लावा. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी मोजा, जेवढे हंडे होतील तेवढ्याच बॅगा मांडा, आणि मार्चनंतर निम्म्या रिकाम्या ठेवा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका. आपल्याकडच्या बोअरचं पाणी आधीच जड, आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार अजून वाढलेले. महिन्याभरात बॅगेच्या कडेला पांढरा थर दिसतो. उन्हाचं म्हणाल तर बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला ओलं पोतं टांगा, वर पाचटाचा दोन इंच थर द्या. आणि स्लॅबचा विचार करा: ओली १२ इंची बॅग १५-२० किलो भरते. बीमवर, भिंतीच्या कडेनं मांडा. जुन्या माळवदाच्या घरावर तर नकोच.

शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल, असं माझ्याच एका पाहुण्याचं म्हणणं. पाहुणे संगमनेरकडचे, टोमॅटोवाले. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा शहरवाल्यांनी ओरड केली, आणि नंतर भाव पडले तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यांचा राग रास्त आहे. पण बॅगेत कांदा-बटाटा-टोमॅटो घरापुरता होतच नाही, होतं ते पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, चार वांगी. आणि ज्यानं एकदा वांग्यावरची शेंडेअळी स्वतः वेचली, तो बाजारात पाच रुपयांसाठी घासाघीस करताना जरा कचरतो, हे मी पाहिलंय. पाहुण्यांना हे पटलं नाही, असो.

बियाणांचं एकच सांगतो. वाटपातल्या पुडीतलं संकरित बी एकदाच कामाचं, पुढच्या वर्षी परत पुडी. आपल्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी वाल-घेवड्याचे, पालेभाज्यांचे गावठी वाण जपले, बियाणं बँक केली, त्यांना पद्मश्री मिळाली. जिल्हाभर त्यांचे फ्लेक्स लागले. त्या वाणांचं बी मात्र आपल्या वाटपाच्या पुडीत दिसत नाही. बचत गटांकडून गावठी चाकवत-राजगिऱ्याचं बी घेऊन वाटायला कुणाची हरकत आहे?

आत्ताच हे लिहायचं कारण वेळापत्रक. गळीत हंगाम शेवटाला आलाय. फडातलं पाचट आत्ता गोळा करून ढीग लावला तर ते मृगापर्यंत तयार होतं. एप्रिलपर्यंत थांबलो तर बरंचसं जळालेलं असेल. ज्यांना आठ मार्चला ग्रो बॅगा वाटायच्या आहेत त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, पण वाटप जूनवर ढकलावं. तोवर त्याच पैशातनं दोन ट्रॉली पाचट आणि एक ट्रॉली शेण आणून वॉर्डातल्या मोकळ्या प्लॉटवर ढीग लावावा. ज्या प्लॉटवर आज डुकरं फिरतात तिथेच. खड्डा नको, जमिनीवरच चार फूट उंच, वर ताडपत्री. फोटो जूनमध्ये काढा, मी स्वतः येऊन काढून देतो. आमच्या गल्लीतल्या रिकाम्या चाळीस पिशव्यांना साधारण तीनशे किलो कंपोस्ट लागेल. काकूंना मी जूनचा शब्द देऊन बसलोय, तेव्हा ज्यांच्या फडात पाचट आहे आणि जाळायचं नाहीये, त्यांनी कळवा. ट्रॅक्टरचं भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ.